बंद खाणीच्या सीलमागे पाणी चढतंय, गेज मात्र शून्यावर: काय काय तपासायचं

विदर्भात पावसाळा मुरला की दरवर्षी हीच तक्रार वेगवेगळ्या खाणींवरून येते. भूमिगत खाण बंद झालेली असते, इनक्लाइनमध्ये (जमिनीवरून खाणीत उतरणाऱ्या तिरक्या बोगद्यात) भिंत घालून ती सील केलेली असते. भिंतीतून पाईप काढलेला, पाईपावर प्रेशर गेज. वर दोन-तीनशे मीटरवर कुणाच्या तरी शेतात निरीक्षणाचा बोअर. बोअरमधलं पाणी जुलैपासून चढत जातं. गेजचा काटा मात्र शून्यावर, नाहीतर जूनमध्ये होता त्याच आकड्यावर चिकटलेला. रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात आणि मग कुणीतरी विचारतं, यातला खरा कोणता?

तपासाचा क्रम पुढे देतो. त्याआधी एक नियम, जो तपास संपेपर्यंत मोडायचा नाही: दोन आकडे जुळत नसतील तर ज्यातून पाण्याची पातळी जास्त निघते तो खरा धरायचा. भिंतीवरचा भार त्यावरून काढायचा, खाली काम करणाऱ्यांना आणि नाल्याकाठच्या वस्तीला सूचना त्यावरून द्यायची. गेज शून्य दाखवतो तेव्हा एवढंच कळतं की गेजपर्यंत दाब पोचलेला नाही. तो का पोचला नाही, हे वेगळं शोधावं लागतं.

भार किती असतो त्याचा अंदाज असू द्या. १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर (पुढे दाबासाठी नुसतं ‘किलो’ लिहितो). ४.२ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच गॅलरीत (खाणीतल्या बोगद्यात) बांधलेल्या भिंतीचं क्षेत्र १२.६ चौरस मीटर. तिच्यामागे ३० मीटर पाणी उभं राहिलं तर भिंतीवर सुमारे ३७८ टन भार येतो. आणि कोळसा खाणीतली भिंत बऱ्याचदा पाण्यासाठी बांधलेलीच नसते. आत हवा जाऊन कोळसा तापू नये, पेटू नये, म्हणून घातलेलं ते स्टॉपिंग असतं. म्हणून पहिला कागद काढायचा तो भिंतीच्या ड्रॉइंगचा. जाडी किती, छतात-तळात-बाजूंत किती खोल खोबणी मारून ती बसवली आहे, आणि किती मीटर पाण्यासाठी तिचा हिशेब केला होता. ड्रॉइंग सापडत नसेल तर ती भिंत पाणी अडवण्यासाठी नाही असंच समजून पुढचं सगळं करायचं.

गोल्ड किंगमध्ये नेमकं काय चुकलं

ही अडचण आपल्याच भागातली नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, सिल्व्हरटन गावाच्या वर, गोल्ड किंग नावाची सोन्याची जुनी खाण आहे. तिचं तोंड ढासळलेल्या दगडमातीने बुजलेलं होतं आणि त्या ढिगातून थोडं थोडं पाणी पाझरत होतं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी तिथल्या पर्यावरण संस्थेची तुकडी यंत्राने तो ढीग मोकळा करत होती. आत पाणी अर्धवट भरलं असेल, पाझर दिसतो त्याच्या आसपास पातळी असेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात आतलं पाणी छतापर्यंत भरून दाबाखाली होतं. ढिगातून आधी एक धार उडाली, मग सगळंच फुटलं. सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे १ कोटी १० लाख लिटरांवर आम्लयुक्त, धातूमिश्रित पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत उतरलं. नदी नारिंगी-पिवळी झाली. तेच पाणी पुढे सान हुआन नदीतून नवाहो लोकांच्या शेतीपर्यंत गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने या घटनेचा तांत्रिक अहवाल दिला. त्यातली एक नोंद माझ्या मते या कामातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जवळच्याच रेड अँड बोनिटा खाणीचं तोंड मोकळं करण्याआधी वरून बोअर मारून आतली पातळी प्रत्यक्ष मोजली होती. गोल्ड किंगला तोच विचार झाला होता, पण बोअर मारला गेला नाही. तोंडाशी जे दिसतं त्यावरून आतलं ठरवलं गेलं.

आपल्याकडे गेजवर शून्य बघून रजिस्टर मिटलं जातं तेव्हा हेच होत असतं. तोंडाशी पाईप आहे, गेज आहे, पण मोजलं जातंय ते तोंडाशी. बोअर आत काय आहे ते सांगतो. दोन्ही हवेत, आणि दोन्ही एकमेकांशी जुळायला हवेत.

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी

बंद भागात मिथेन, कार्बन डायऑक्साइड, कमी ऑक्सिजनची हवा साठलेली असते. पाणी चढलं की ती हवा वर ढकलली जाते आणि बोअरच्या तोंडातून, भेगांतून, पाईपातून बाहेर येते. हवेचा दाब पडतो त्या दिवशी तर जास्तच. बोअरचं झाकण उघडताना वारा आपल्या पाठीवर येईल असं उभं राहायचं, आधी मिथेनोमीटर लावायचा. विडी-काडी, मोबाईल, वेल्डिंग यातलं काही जवळ नको. साचलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असू शकतो, कॉक उघडला की तो सुटतो. सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि वायू जास्त असेल तर थोड्या वेळाने वास येणं बंद होतं, कारण नाक बधिर होतं. वास गेला म्हणून पुढे सरकू नका, लगेच मागे या. एकट्याने जाऊ नका. भिंतीसमोरच्या इनक्लाइनमध्ये उतरायचं असेल तर ते खाण व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीने आणि गॅस तपासूनच. आणि भिंत फोडून बघणं हा तपासाचा मार्ग कधीच नाही.

पहिली तपासणी: गेज बसवला कुठे आहे

बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. भिंत इनक्लाइनच्या तोंडापासून बरीच खाली असते. रोज खाली उतरावं लागू नये म्हणून पाईप वर ओढून गेज तोंडाशी लावलेला असतो. सोय झाली, पण गेज फक्त स्वतःच्या पातळीच्या वरचं पाणी मोजतो. भिंत तोंडापेक्षा २० मीटर खाली असेल तर मागचं पाणी २० मीटर चढेपर्यंत तो शून्यच दाखवणार. त्यात गेजचा काहीच दोष नसतो.

यावर दोन उपाय. गेज भिंतीच्या बाहेरच्या तोंडाशी, खाली लावायचा आणि वाचायला सुरक्षित सोय करायची, किंवा दाब मोजणारा सेन्सर खाली ठेवून फक्त केबल वर आणायची. तिसरा, कमी खर्चाचा मार्गही आहे: बारीक नळी खालपर्यंत सोडून तिच्यातून सावकाश वायू सोडायचा. नळीच्या टोकाशी बुडबुडे सुटायला जेवढा दाब लागतो तेवढी पाण्याची खोली. कोळसा खाणीच्या बंद भागात यासाठी हवा वापरू नका, नायट्रोजनचा सिलिंडर वापरा.

दुसरी गोष्ट गेजच्या मोजपट्टीची. ० ते १० किलोचा गेज सगळीकडे मिळतो म्हणून तोच लावतात. १.६ श्रेणीच्या अशा गेजची चूक पूर्ण मोजपट्टीच्या १.६ टक्के, म्हणजे ०.१६ किलो, म्हणजे दीड मीटरहून जास्त पाणी. पाच मीटर पाणी मोजायला हा गेज कामाचा नाही. ० ते २.५ किलोचा घेतला तर चूक ४० सेंटिमीटरवर येते. अपेक्षित जास्तीत जास्त दाब काढायचा आणि तो मोजपट्टीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येईल असा गेज निवडायचा.

दुसरी: पाईप तुंबलाय का

खाणीच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड असतं. हवा लागली की त्याचा गंजासारखा नारिंगी-पिवळा गाळ बसतो. त्यात कोळशाची भुकटी आणि मातीही मिसळते. भिंतीतला पाईप एकदा असा तुंबला की गेज जुना दाब धरून बसतो किंवा हळूहळू शून्यावर येतो.

तपासायची रीत अशी. गेजचा आकडा लिहून घ्या. भिंतीकडचा आयसोलेशन व्हॉल्व्ह (गेजला पाईपापासून तोडणारा) बंद करा आणि ब्लीड कॉक (गेजशी अडकलेला दाब बाहेर सोडणारा छोटा नळ) थोडा उघडा. काटा शून्यावर यायला हवा. आला नाही तर गेजच बिघडलाय, बदला. आता ब्लीड कॉक बंद करून आयसोलेशन व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि काट्याकडे बघा. काटा काही सेकंदांत आधीच्या आकड्यावर परतला तर पाईप मोकळा आहे. दहा-पंधरा मिनिटं रेंगाळत चढला तर पाईप तुंबत आलाय. अजिबात चढला नाही तर दोन शक्यता उरतात: पाईप पूर्ण तुंबला, किंवा पाईपाच्या पातळीला मागे खरंच पाणी नाही.

या दोन्हीतला फरक कळायला हातपंपाने पाईपातून उलट्या दिशेने थोडं स्वच्छ पाणी आत ढकला. ते सहज गेलं आणि दाब वाढला नाही, तर पाईप मोकळा आहे आणि मागे त्या पातळीला पाणी नाही. दोन-चार दांड्यांतच पंप जड झाला आणि दाब वाढून तसाच राहिला, तर पाईप तुंबलाय. दाब भिंतीच्या डिझाइनच्या आत ठेवा. सळई घालून पाईप मोकळा करायचा मोह होतो. उघड्या पाईपात सळई घालू नका. गाळ निघाला आणि मागे ३ किलोचा दाब असला तर सळई गोळीसारखी मागे येते आणि मग पाणी थांबवायला व्हॉल्व्ह बंद करता येत नाही. ग्लँड पॅकिंग (सळईभोवतीची फट घट्ट बंद ठेवणारं भरण) बसवलेल्या व्हॉल्व्हमधूनच सळई घालायची.

नवीन भिंत बांधायची असेल तर पाईप एक ठेवू नका. तळाशी पाणी सोडायचा, मध्ये दाब मोजायचा, वर छतालगत वायूचा नमुना घ्यायचा, असे निदान तीन, आणि मोजणीचे पाईप वेगवेगळ्या उंचीवर दोन. तळातला पाईप गाळाने बुजणार हे गृहीत धरा.

तिसरी: बोअर खाणीला जोडलेला आहे का

गेजची परीक्षा घेतली, आता बोअरची घ्या. तो खरा मानतोय म्हणून त्याच्याकडे जास्तच बारकाईने बघायला हवं.

बोअर गॅलरीत उतरायला हवा. नकाशात थोडी चूक असली की तो कोळशाच्या पिलरमध्ये (छत पेलायला सोडलेल्या खांबात) जातो आणि आजूबाजूच्या वाळूच्या खडकातलं पाणी दाखवतो. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठीचा वालुकाश्म आहे आणि त्यात भरपूर पाणी असतं. असा बोअर छान भरलेला दिसतो, पण त्याचा खाणीतल्या पाण्याशी थेट संबंध नसतो.

परीक्षा सोपी आहे. पातळी मोजा, मग बोअरमध्ये दोनशे लिटरचा एक पिंप पाणी झटकन ओता आणि पातळी दर अर्ध्या मिनिटाला मोजत राहा. पाणी मिनिटा-दोन मिनिटांत मूळ पातळीवर गेलं तर बोअर मोकळ्या जागेला जोडलेला आहे. तासभर वर रेंगाळलं तर तो खडकात बंद आहे किंवा खाली ढासळलाय. प्रत्येक मोजणीच्या वेळी बोअरच्या तळाची खोलीही मोजा. ती मागच्या वेळेपेक्षा कमी भरली तर खाली गाळ किंवा खडक पडलाय.

इलेक्ट्रिक टेप (टोक पाण्याला लागलं की वाजणारी टेप) सोडताना केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाईपाच्या, आतल्या बाजूने पाणी ओघळत असेल तर ती आधीच वाजते. म्हणून वाजल्यावर थोडी आणखी खाली सोडा, वर ओढा, आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच लिहा.

आणि बोअरच्या तोंडाची उंची. जुन्या कामांवरची, म्हणजे कोळसा काढून झालेल्या भागांवरची, जमीन खचते. बोअरचा काठ ३० सेंटिमीटर खाली गेला आणि तुम्ही जुनीच उंची धरत राहिलात तर प्रत्येक पातळी ३० सेंटिमीटर वर दिसेल. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, खचणाऱ्या भागाबाहेरच्या बेंचमार्कवरून (उंची पक्की माहीत असलेल्या खुणेवरून) काठाची उंची पुन्हा काढा. गेजची उंची खाणीच्या जुन्या नकाशावरून घेतली असेल तर तो नकाशा कोणत्या बेंचमार्कवर काढला होता तेही बघा. दोन वेगळ्या पायांवर काढलेल्या उंच्यांची वजाबाकी केली की कितीही मीटरांचा खोटा फरक निघतो.

दोन्ही बरोबर, तरी फरक: मध्ये काहीतरी आहे

समजा बोअरच्या काठाची उंची २१२.४० मीटर आणि पाणी ६१.१५ मीटर खाली लागलं. म्हणजे पाणी १५१.२५ मीटरवर. गेज १३८.६० मीटरवर आहे. पाणी एकसलग असेल तर गेजवर १२.६५ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे जवळजवळ १.२७ किलो दिसायला हवा. गेज दाखवतोय ०.४ किलो, म्हणजे ४ मीटर. पाईप मोकळा आहे, बोअर जोडलेला आहे, उंच्या तपासल्या आहेत. तरी साडेआठ मीटरांहून जास्त फरक उरतो.

याचा अर्थ भिंत आणि बोअर यांच्यामध्ये पाणी अडलंय. छत कोसळून ढीग झाला असेल, जुनी एखादी मधली भिंत असेल, किंवा गोफ (कोळसा काढल्यावर छत कोसळून भरलेली जागा) दाबून घट्ट झाला असेल. ढिगामागे पाणी उंच, ढिगापुढे भिंतीशी कमी. मला या कामातली सर्वात घातक स्थिती हीच वाटते, कारण भिंतीवरचा गेज खरा आकडा दाखवत असतो आणि तरीही तो फसवतो. ढीग एका दिवसात सरकला तर साडेआठ मीटर जादा पाणी आणि त्याबरोबर दगडगाळ भिंतीवर येऊन आदळतो. गोल्ड किंगच्या तोंडाशी असा ढीगच बांध बनला होता.

इथे भिंतीचा हिशेब वरच्या पातळीने करा आणि वरून आणखी एक बोअर, भिंतीच्या जवळच्या गॅलरीत, मारायला सांगा. वरिष्ठ खर्चाबद्दल विचारतील. त्यांना दाखवायला एक उदाहरण पुरेसं आहे: २ फेब्रुवारी २००१ रोजी झरिया भागातल्या बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या, बंद कामांतलं पाणी फुटून आत आलं आणि २९ कामगार गेले. त्याआधी २७ डिसेंबर १९७५ ला चासनाला खाणीत, वरच्या जुन्या कामांतल्या पाण्याने, ३७५ जण गेले. चालू खाणीतलं काम जुन्या कामांच्या ६० मीटरच्या आत येणार असेल तर आपल्या कोळसा खाण नियमांत आधी परवानगी आणि पुढे-बाजूंना बोअर मारत जाण्याची सक्ती आहे, ती अशाच अनुभवांवरून. पण त्यासाठी शेजारच्या बंद खाणीत पाणी कुठपर्यंत आहे हे माहीत हवं, आणि ते माहीत असण्याची जबाबदारी सीलवर वाचन घेणाऱ्यावर येते.

पातळी अचानक भरभर चढायला लागली

हा वेगळा प्रश्न म्हणून विचारला जातो, पण मूळ तेच आहे: आकड्याचा अर्थ. महिनोन्महिने दिवसाला १०-१२ सेंटिमीटर चढणारं पाणी एका आठवड्यात मीटरच्या हिशेबाने चढायला लागतं आणि धावपळ होते, कुठून नवीन पाणी आलं म्हणून. बहुतेकदा येणारं पाणी तेवढंच असतं, भरायची जागा अरुंद झालेली असते. घागरीचं पोट भरायला वेळ लागतो, गळा भरकन भरतो, तसंच.

आकड्यांत बघा. रोज ५०० घनमीटर पाणी येतंय आणि त्या पातळीला खाणीची मोकळी जागा ४,००० चौरस मीटर आहे, तर पाणी रोज १२.५ सेंटिमीटर चढेल. तेच पाणी सगळ्या गॅलऱ्या भरून फक्त इनक्लाइनमध्ये आलं की हिशेब बदलतो. ४.२ मीटर रुंद, ३ मीटर उंच, १ : ५ उताराच्या इनक्लाइनमध्ये पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम ६३ चौरस मीटर. तेवढ्याच ५०० घनमीटरांनी ते दिवसाला जवळजवळ ८ मीटर चढेल. म्हणजे आठवड्यातून एकदा वाचन घेण्याची पद्धत पहिल्या टप्प्यात ठीक आहे, दुसऱ्यात ती निरुपयोगी आहे. तुमच्या खाणीच्या नकाशावरून दर मीटरला मोकळी जागा किती आहे याचा तक्ता सर्वे ऑफिसकडून काढून घ्या. मग पाणी गळ्यात कधी शिरणार हे दोन-तीन महिने आधी कळतं आणि पंप आधी बसवता येतो.

याउलट, पातळी चढायची थांबली तर निश्चिंत होऊ नका. पाऊस चालू आहे, पाणी आत येतंय आणि तरी पातळी स्थिर आहे, तर तेवढंच पाणी कुठूनतरी बाहेर जातंय. भिंतीच्या कडेने, बॅरियरमधून (दोन खाणींमध्ये न काढता सोडलेल्या कोळशाच्या पट्ट्यातून) शेजारच्या खाणीत, किंवा एखाद्या जुन्या चानकातून (उभ्या विहिरीसारख्या वाटेतून). सिल्व्हरटनच्याच डोंगरात सनीसाइड खाण १९९१ मध्ये बंद झाली आणि तिचं पाणी वाहून नेणाऱ्या अमेरिकन टनेलमध्ये १९९६ पासून काँक्रीटचे अडसर बसवले गेले. पुढच्या वर्षांत डोंगरातल्या इतर जुन्या तोंडांतून पाणी वाढलं, त्यात गोल्ड किंगही होती. एक तोंड बंद केलं की पाणी दुसरं शोधतं. म्हणून मोजणी एका सीलपुरती ठेवू नका. आजूबाजूच्या विहिरी, नाल्यातले झरे, शेजारच्या खाणीच्या पंपाचे तास, हे सगळं त्याच रजिस्टरमध्ये आलं पाहिजे.

डेटा लॉगर लावला असेल तर

लॉगरने (पातळी आपोआप मोजून नोंदणाऱ्या यंत्राने) काम सोपं होतं, पण पावसाळ्यात तो स्वतःच्या खोड्या काढतो. बंद प्रकारचा सेन्सर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने पडला की पाणी १० सेंटिमीटर उतरल्यासारखं दिसतं. कमी दाबाचा पट्टा येतो तेव्हाच जोराचा पाऊसही येतो, म्हणजे पाणी चढायला सुरुवात होते नेमकी तेव्हाच लॉगर ते झाकतो. जवळच हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर ठेवून ती वजाबाकी करावीच लागते.

व्हेंट असलेल्या केबलचा सेन्सर ही वजाबाकी आपोआप करतो, पण केबलमधली बारीक नळी दमट हवा ओढते. तोंडाशी सिलिका जेलची डबी असते. जेल निळी असेल तर ठीक. गुलाबी झाली की बदला. नळीत पाण्याचा थेंब बसला की वाचन कुठेही भरकटतं आणि कागदावर ते अगदी खरं दिसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात जेल बदलायची आणि ऑगस्टमध्ये पुन्हा बघायची. महिन्यातून एकदा हाताने टेप सोडून लॉगरचा आकडा पडताळा. पाच सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर आधीची नोंदही संशयास्पद धरा.

भिंत काय सांगते

गेज आणि बोअर यांच्या पलीकडे डोळ्यांनी बघायच्या गोष्टी आहेत, आणि त्या दर फेरीला बघायच्या. भिंतीच्या कडेला नवीन ओल, सांध्यांत पांढरे डाग, आधी नसलेला पाझर. पाझर असेल तर तो मोजायला नाल्यात ९० अंशाचा व्ही-नॉच (V आकाराची खाच असलेली पट्टी) बसवा. नॉचवर पाणी ५ सेंटिमीटर उंच वाहत असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, १० सेंटिमीटर असेल तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, त्यामुळे नुसत्या नजरेने "थोडं वाढलंय" असं लिहू नका.

स्वच्छ पाझर गढूळ झाला तर तपास तिथेच थांबवा. पाणी भिंतीच्या भोवतालची माती-खडक धुऊन नेतंय, आणि असा मार्ग तासातासाने रुंद होतो. माणसं बाहेर काढा, खालच्या बाजूच्या चालू कामातली पाळी वर घ्या, नाल्याकाठी लोक असतील तर त्यांना हलवा, मग व्यवस्थापक आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवा. या क्रमात फोन आधी आणि माणसं नंतर असं होऊ देऊ नका.

दाब कमी करायचा असेल तर वरून बोअरमध्ये सबमर्सिबल पंप सोडून पाणी सावकाश उपसणं सर्वात बरं. एकदम उपसलं तर भिजून मऊ झालेल्या पिलरना पाण्याचा आधार सुटतो, छत पडतं, आणि पाण्याच्या जागी हवा ओढली जाऊन कोळसा तापायची भीती असते. उपसलेलं पाणी नाल्यात सोडण्याआधी त्याचा पीएच आणि क्षार मोजा. वर येताना ते स्वच्छ दिसतं, आणि हवा लागल्यावर तासाभरात नारिंगी होतं.

या सगळ्यातूनही फरक सुटला नाही आणि कुणाला विचारायचं झालं, तर नुसतं "गेज शून्य दाखवतो" एवढंच कळवू नका. गेजची उंची आणि मोजपट्टी, भिंतीची जाडी आणि ड्रॉइंगमधला डिझाइन दाब, बोअरच्या काठाची उंची आणि ती शेवटची कधी मोजली, पाण्याची आणि तळाची खोली, पिंपभर पाणी ओतल्यावर ते किती वेळात उतरलं, ब्लीड कॉकच्या परीक्षेत काटा किती सेकंदांत परतला, आणि त्या आठवड्यात पाऊस किती झाला, हे सगळं एका कागदावर तारखेसह लिहून द्या. सोबत पाण्याच्या धोक्याच्या नकाशाची (पाणी भरलेल्या जागा दाखवणाऱ्या खाणीच्या नकाशाची) प्रत जोडा आणि तिच्यावर बोअर व भिंत, दोन्ही जागा खुणा करून दाखवा.